रत्नागिरीला उतरायचं आणि मुक्काम मात्र गणपतीपुळ्याला?

खाडीकाठ

परवा इथे 'तीन दिवसांत रत्नागिरी' असा लेख आला. त्याचं म्हणणं असं, की शहरात राहण्यासारखं काही नाही. स्टेशनवर उतरा, गाडी करून थेट गणपतीपुळं गाठा, समुद्राला लागून असलेलं रिसॉर्ट घ्या, जेवणही तिथेच उरका आणि परतताना शहरात एक सुरमई थाळी खा, की झालं. खाली ढिगाने लोकांनी "याच बेताने बुकिंग केलं" असं कळवलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गणपतीपुळ्याशी माझं भांडण नाही. देवदर्शन करा, डोंगराची प्रदक्षिणा घाला, केशवसुतांचं मालगुंड शेजारीच आहे तेही बघा. आरे-वारेच्या रस्त्याने शहरातून जेमतेम पंचवीस किलोमीटर. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पण शहर म्हणजे नुसता बाजार आणि एसटी स्टँड, हे कुठून काढलं? रत्नदुर्गाच्या एका अंगाला मांडवीची काळी वाळू, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र, दक्षिणेला भाट्याची खाडी. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर, 1931 सालचं पतितपावन मंदिर. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी राज्य घेऊन 1886 मध्ये इथे आणून ठेवलं. 1910 साली त्याच्यासाठी राजवाडा बांधला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. रिसॉर्टच्या झोपाळ्यावर बसून यातलं काय कळणार?

राहायचं तर मांडवीच्या बाजूला किंवा थिबा पॅलेसच्या वस्तीत राहा. स्वतःची गाडी असेल तर पूल ओलांडून भाट्ये. जेवायचं दुपारी, घरगुती खानावळीत, आणि पाटी वाचण्याआधी विचारायचं, "आज काय आलंय?" बंदर गावातच आहे. मासा जिथे उतरतो तिथलं जेवण सोडून लोक पंचवीस किलोमीटर पुढे जाऊन तंदुरी चिकन मागवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चारचाकीवाला

खाडीकाठ, तुम्ही एकट्याने फिरणाऱ्यांसाठी लिहिलंय. आम्ही जातो तेव्हा बरोबर ऐंशीच्या पुढची आई असते, दोन मुलं असतात आणि बायकोला वर्षातून एकदाच सुट्टी मिळते. शहरातल्या एका लॉजवर (नाव घेत नाही) तिसऱ्या मजल्यावर खोली दिली, लिफ्ट बंद, गाडी लावायला रस्त्याच्या कडेशिवाय जागा नाही. सकाळी नळाला पाणी नव्हतं. आईला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून खाली आणलं. थिबा राजाचा इतिहास तिच्या गुडघ्यांना काय कामाचा? तिला खिडकीतून समुद्र दिसला, संध्याकाळी वाळूत पाय टेकता आले, की तिची सहल झाली. ते रिसॉर्टमध्ये मिळतं, म्हणून आम्ही तिथे जातो. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

स्टिअरिंगमागून

मी टुरिस्ट गाडी चालवतो. या विषयावर पानंच्या पानं लिहिली जातात, पण ड्रायव्हर कुठे झोपतो हे कुणी लिहीत नाही. समुद्रावरच्या कितीतरी ठिकाणी ड्रायव्हरला खोली नाही, आंघोळीची सोय नाही, जेवणाचं विचारलं तर "पॅकेजमध्ये नाही" म्हणतात. रात्रभर गाडीत डास मारत पडायचं आणि सकाळी घाटातून सहा माणसं न्यायची. शहरात मुक्काम असला की स्टँडजवळ स्वस्तात कॉट मिळते, गरम जेवण मिळतं. मला इतिहास-भूगोल माहीत नाही. ड्रायव्हर झोपलेला असेल तर तुम्ही सुखरूप घरी पोचता, एवढं माहीत आहे. बुकिंग करताना फोनवर एक वाक्य विचारत जा.

चारचाकीवाला

हे मान्य. आम्ही विचारत नाही. पण तो मुद्दा रिसॉर्टच्या मालकांना सांगा, आम्हाला शहरात कोंबू नका.

वालाचं बिरडं

इथे सगळे मासे धरून बसलेत. आम्ही शाकाहारी. रिसॉर्टमध्ये शाकाहारी म्हणजे पनीर, आणि पनीर नको असेल तर मिक्स व्हेज. कोकणात जाऊन तेच खायचं तर घर काय वाईट? शहरात एका काकूंकडे जेवलो. कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, आंबेमोहराचा भात, सोलकढी. आदल्या दिवशी सांगून ठेवलं म्हणून उकडीचे मोदकही मिळाले. त्यांच्याकडे पाटी नाही, मेनूकार्ड नाही. सांगून जावं लागतं, एवढंच. खाडीकाठ यांच्या लेखात याला एक ओळसुद्धा नाही, म्हणून मी लिहिली.

मिरकरवाड्याची

मी बंदरातल्या घरातली. वरचं सगळं वाचलं. दोन्ही बाजूंना ताजा मासा हवा आहे, आणि तो कुठून येतो याचा पत्ता दोघांनाही नाही.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते. मासे अंडी घालतात तो काळ. नेमकं तेव्हाच "पावसाळी कोकण" बघायला गाड्या भरून येतात आणि टेबलावर बसल्याबरोबर सुरमई मागतात. ती बर्फातली असते, नाहीतर लांबून आलेली. हॉटेलवाला 'ताजी' म्हणतो, कारण तुम्हाला तेच ऐकायचं असतं. त्या दिवसांत खाडीतलं खा, तिसऱ्या, कालवं, शेंगटी. नाहीतर सुकट-बोंबील खा, आम्ही घरी तेच खातो.

आणि एरवी सुद्धा सुरमई-पापलेटच का? बांगडा आहे, सौंदाळे, काणे, लेपी, मांदेली, तारली आहे. त्यांना गिऱ्हाईक नाही म्हणून मातीमोल जातात. पापलेटला मागणी एवढी, की तळहातापेक्षा लहान पिल्लंसुद्धा ताटात येतात. 2023 मध्ये सरकारने पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर केला, त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्यापेक्षा लहान मासा धरायचा नाही. आता बशीत येणारं पापलेट बघा आणि सांगा तो नियम कुठे दिसतो. खाडीकाठ, तुम्ही "सुरमई थाळी खा, की झालं" या वाक्यावर चिडलात ते लोक मांडवी न बघताच जातात म्हणून. मी चिडले ते सुरमईवरून.

चारचाकीवाला

ताई, पैसे आम्ही द्यायचे आणि शिकवणीही आम्हीच घ्यायची? मेनूकार्डावर सुरमई, पापलेट, कोळंबी एवढंच छापलेलं असतं. काणे मागितले तर वेटर तोंडाकडे बघत राहतो. माझ्या मुलाने तारलीचे काटे काढत बसायचे का? लहान पापलेट धरणारे तुमचेच लोक, विकणारे तुमचेच लोक, आणि दोष खाणाऱ्याचा.

मिरकरवाड्याची

"तुमचेच लोक" म्हणताना जरा जपून. माझे वडील छोट्या होडीवर गेले आयुष्यभर. लहान मासा कोण उचलतं ते बंदरातल्या पोरालाही माहीत आहे. पर्ससीनवर, म्हणजे थवा घेरून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, 2016 मध्ये राज्य सरकारने बंधनं घातली, एलईडी दिवे लावून मासेमारी करायला 2017 पासून केंद्राची बंदी आहे. तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो. अख्खा थवा एका वेळी उचलला की रापणीवाल्याच्या जाळ्यात काय येणार? किनाऱ्यावर वीस-पंचवीस माणसं दोर ओढतात आणि टोपलीभर मासळी वाटून घेतात.

नाखवा

माझ्या भावाची पर्ससीनची बोट आहे, म्हणून गप्प बसवत नाही. प्रत्येक पर्ससीनवाला चोर नाही. परवाना आहे, कर्ज आहे, बोटीवर खलाशी आहेत, त्यांची घरं त्या पगारावर चालतात. तुम्ही "गिऱ्हाईक नाही" म्हणता तो बांगडा आणि तारली ढिगाने आम्हीच आणतो. एलईडीवाल्यांना आमचाही विरोध आहे. पण इथे सहलीच्या गप्पांत आमचा निकाल लावून मोकळं व्हायचं, हे बरोबर नाही.

मिरकरवाड्याची

परवाना असलेल्यांबद्दल मी बोललेच नाही. बिनपरवान्याच्या किती आहेत ते तुमच्या भावाला विचारा आणि इथे लिहा. मग बोलू.

नाखवा

तो सांगतो ते मी इथे लिहिणार नाही. आहेत, एवढं कबूल करतो.

खाडीकाठ

आपण राहण्या-खाण्याबद्दल बोलत होतो. तरी ताईंचं म्हणणं खाण्याबद्दलच आहे, ते मी घेतो. "आज काय आलंय" विचारा असं मी लिहिलं, पण आलेलं नको असेल तर लोक पुन्हा सुरमईवरच जातात, हे खरं.

चारचाकीवाले, आईंना उचलून उतरवावं लागलं ते वाचून मला राग आला, तुमच्यावर नाही, त्या लॉजवाल्यावर. पण एका वाईट लॉजवरून अख्खं शहर बाद कसं होतं? रिसॉर्टलाही कितीतरी ठिकाणी पायऱ्या असतात.

अंगणपडवी

मी होम-स्टे चालवते, कुठे ते सांगत नाही, जाहिरात नको. दोन्ही बाजूंचे पाहुणे माझ्याकडे येतात. भांडणं बहुतेक एकाच कारणाने होतात, आधी विचारलेलं नसतं. रातराणी गाड्या पहाटे येतात आणि खोली दुपारी बारानंतर मिळते. स्टेशन शहरापासून लांब आहे. लहान मुलं आणि बॅगा घेऊन सात तास कुठे बसणार? ते बुकिंगच्या वेळी बोलून घ्या. तळमजला हवा, कमोड हवा, ड्रायव्हरची सोय हवी, तिखट कमी हवं, सगळं आदल्या दिवशी सांगा. मासे सकाळी घेतले जातात. दुपारी एकला येऊन "आम्ही आठ जण आहोत" म्हटलं, की माझ्याकडेही फ्रीजमधलंच निघतं.

आणखी एक, हे मनापासून सांगते. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहायचा नव्हे. उतार एकदम आहे, लाट मागे ओढते. माणसं बुडाली आहेत तिथे. खिडकीतून सुंदर दिसतो म्हणून मुलांना कमरेएवढ्या पाण्यात सोडू नका. जीवरक्षक ओरडतो तेव्हा त्याच्याशी वाद घालणारे बाप मी बघितलेत.

चारचाकीवाला

ठीक. पुढच्या वेळी एक रात्र शहरात राहून बघतो. तळमजला, गाडीला जागा आणि दिवसभर पाणी मिळालं तरच. दुसरी रात्र समुद्रावरच, आईसाठी. त्यावर चर्चा नको.

वालाचं बिरडं

मग काकूंकडे आदल्या दिवशी फोन करा. मुलांना मोदक आवडतील.

चारचाकीवाला

करतो. ताई, काणे तळून मिळतात का? काटे किती असतात?

मिरकरवाड्याची

मधला एकच काटा, मुलं सहज खातात. मागवताना नगली म्हणालात तरी चालेल. नारळी पौर्णिमा झाल्यावर, समुद्र शांत झाला की या.