मदत हवी आहे: आचके आणि श्वास यातला फरक कसा शिकवता?

नमस्कार मंडळी. वॉर्डात नव्याने आलेल्या नर्सना कार्डियाक अरेस्ट, म्हणजे हृदय अचानक बंद पडणं, ओळखायला शिकवायचंय. छातीवर द्यायचे दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, हे सगळ्यांना तोंडपाठ. घोडं अडतं ते त्याआधी. पेशंट हाकेला ओ देत नाही, पण मध्येच तोंड उघडून आचका देतो (हा खरा श्वास नव्हे), आणि ‘श्वास चालू आहे’ म्हणत या नर्स बीपीचा पट्टा गुंडाळत बसतात. मॉनिटरवर हृदयाची लय दिसली की अजूनच गोंधळ, नाडी लागत नसली तरी! १० सेकंदांत नाडीची खात्री झाली नाही तर थेट कॉम्प्रेशन सुरू करा, हे सांगून झालंय. सरावाचा पुतळा आचके देत नाही, हीच पंचाईत. तुम्ही हे कसं अंगवळणी पाडता? शिकवायला एखादा चांगला व्हिडिओ आहे का? आणि कोड ब्लू, म्हणजे अशा वेळी मदतीची तातडीची हाक, कोणी पुकारायचा, हे ड्युटीच्या सुरुवातीलाच ठरवता का?