पाच जणांच्या कुटुंबासाठी लहान गाडी: निवडताना आणि वापरताना नेमके काय पाहावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या घरात आम्ही दोघे, ९ वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि माझी आई असे पाच जण आहोत. आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असून तिला तो पाय पूर्ण दुमडता येत नाही. सध्याची गाडी ११ वर्षांची झाली आहे आणि गेल्या वर्षभरात ती चार वेळा गॅरेजमध्ये राहून आली, म्हणून आता ती बदलायचे ठरवले आहे.

गाडी लहानच हवी, कारण ती उभी करायची जागा दोन खांबांच्या मध्ये आहे आणि लांबी ४ मीटरच्या पुढे गेली की मागचा भाग येण्याजाण्याच्या वाटेत येतो. रोजचा वापर म्हणजे मुलीची शाळा आणि माझे कार्यालय, एका वेळी जेमतेम ४ किलोमीटर. महिन्यातून एकदा सगळे मिळून २०० किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. आम्ही दोन गाड्यांवर येऊन थांबलो आहोत. एक नवी, पेट्रोलवर चालणारी, बुटकी हॅचबॅक आहे. दुसरी ५ वर्षे वापरलेली डिझेल गाडी आहे. ती थोडी उंच आणि रुंद असून तेवढ्याच पैशांत मिळते आहे. डिझेलचे मायलेज चांगले असल्याने माझा कल दुसरीकडे आहे. ज्यांनी लहान गाडी कुटुंबासाठी अनेक वर्षे वापरली आहे, त्यांनी ती कशावरून निवडावी आणि घेतल्यानंतर कशाची काळजी घ्यावी हे कृपया सांगावे.

पहिले उत्तर

आपण आईंच्या गुडघ्याचा उल्लेख सुरुवातीलाच केलात, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखत. आमच्या जुन्या बुटक्या गाडीत बसताना त्या एका हाताने दाराची कड आणि दुसऱ्या हाताने पुढच्या सीटची पाठ धरायच्या, हळूहळू खाली जायच्या आणि शेवटचे चार बोटे अंतर त्यांना अंग सोडून द्यावे लागायचे. उतरताना तर दोघांनी हात द्यावा लागे. पुढची गाडी घेताना आम्ही त्यांना बरोबर नेले. त्या गाडीची सीट त्यांच्या कमरेपेक्षा थोडीशीच खाली होती. त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, सरळ टेकल्या आणि मग एकेक पाय आत घेतला. दोन गाड्यांच्या सीटमधला फरक काही बोटांचाच होता, पण त्यानंतर त्या स्वतःहून फिरायला यायला तयार होऊ लागल्या. म्हणून सीटची उंची, दार किती उघडते आणि दाराखालचा उंबरा किती उंच आहे या तीन गोष्टी आईंनी स्वतः बसून-उतरून पाहायला हव्यात. हे एकदाच पाहू नये, चार-पाच वेळा पाहावे, कारण पहिल्यांदा सगळेच उत्साहाने बसतात.

दुसरी गोष्ट मागच्या सीटची. अडीच वर्षांच्या मुलासाठी मुलांची वेगळी सीट लागणार आणि ती बसवण्याचे आयसोफिक्सचे दोन हुक बहुतेक लहान गाड्यांत फक्त मागच्या दोन कडेच्या जागांवर असतात. आई पुढे बसल्या तर मागे मुलाची सीट, मुलगी आणि तिसरे एक मोठे माणूस अशी रचना होईल. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्याचा आधार आहे का ते अवश्य पाहा. जुन्या लहान गाड्यांत तिथे फक्त कमरेचा पट्टा असतो. आपली मुलांची सीट घरून घेऊन जा, ती प्रत्यक्ष बसवा आणि तिच्या शेजारी दोघांना बसवून सगळ्यांचे पट्टे लागतात का ते बघा. सीट बसवल्यावर शेजारच्या पट्ट्याचे कुलूप तिच्याखाली दबून जाते, हे आम्हाला गाडी घरी आणल्यावर कळले.

लांबीवरून आतल्या जागेचा अंदाज बांधू नये. १९५९ साली आलेली मूळची मिनी अवघी ३.०५ मीटर लांब होती, तरीही तिच्यात चार मोठी माणसे बसत, कारण तिचे रचनाकार अॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे ठेवून त्याची शक्ती पुढच्या चाकांना देण्याची रचना केली आणि जागेचा बहुतांश भाग माणसांसाठी मोकळा राहिला. पुढे २००१ मध्ये आलेल्या होंडा जॅझमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली नेल्यामुळे मागची सीट उभी दुमडता येऊ लागली. सारख्याच लांबीच्या दोन गाड्यांत आतून पुष्कळ फरक असू शकतो, तो बसल्याशिवाय कळत नाही.

दुसरे उत्तर

आपला रोजचा वापर एका वेळी ४ किलोमीटरचा आहे हे वाचून मला कळकळीने सांगावेसे वाटते की डिझेल गाडी घेऊ नका. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी त्याला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्यासाठी गाडी बराच वेळ मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालावी लागते. ४ किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापतही नाही. काजळी जाळण्याचे काम अर्धवट सुटत राहिले की फिल्टर तुंबतो आणि त्यासाठी जास्तीचे सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करते. महिन्यातून एका लांबच्या प्रवासाने हे भरून निघेल असे मी गृहीत धरणार नाही. मायलेजमध्ये वाचलेले पैसे त्या एका फिल्टरवर जाऊ शकतात.

वापरलेल्या गाडीला माझा विरोध नाही, पण तिच्या सर्व्हिसिंगची नोंदवही सलग असलीच पाहिजे. मी स्वतः एक वापरलेली गाडी नोंदवहीशिवाय घेतली होती. गाडी दिसायला स्वच्छ होती, किलोमीटर कमी होते आणि विक्रेता सभ्य होता. सातव्या महिन्यात चालत्या गाडीचे इंजिन एकदम बंद पडले. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. पुन्हा चावी फिरवली तेव्हा स्टार्टर नेहमीपेक्षा भरभर आणि हलका फिरला, जणू आत काही अडतच नव्हते. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवणारा पट्टा, तुटला होता. बऱ्याच इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, आणि माझ्या इंजिनात तेच झाले. बेल्ट बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्हींत दिलेली असते व जी आधी संपेल ती धरायची असते. गाडी कमी चालली म्हणून बेल्ट नवा राहत नाही, हे मला फार महागात समजले. काही इंजिनांत बेल्टऐवजी साखळी असते, तेव्हा हे आधीच विचारून घ्यावे.

जुनी गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला आधी ती सुरू करू नका म्हणून सांगा आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहा. गार इंजिन सुरू होताना जे ऐकू येते ते तापलेल्या इंजिनात लपते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल आईला आणि मुलांना घेऊन गेलो होतो. बुटक्या गाडीत आई बसली, पण उतरताना तिने दाराऐवजी माझा खांदा धरला, आणि ती काही बोलली नाही तरी मला उत्तर मिळाले. डिझेलचा विचार सोडला आहे. तिथेच पेट्रोलवर चालणारी, ३.७ मीटरपेक्षा थोडी कमी लांबीची पण उंच बांधणीची एक गाडी पाहिली. मुलाची सीट बसवून शेजारी मुलगी आणि पत्नी बसल्या, पट्टेही लागले. मात्र मागची सीट पूर्ण वापरात असताना डिकीत दोन मध्यम बॅगांपलीकडे काही मावत नाही. ती ऑटोमॅटिकमध्येही मिळते. ते घ्यावे का, आणि पुढे काय सांभाळावे?

तिसरे उत्तर

डिकीची फार चिंता करू नका. महिन्यातल्या एका दिवसाच्या सामानासाठी रोज मोठी गाडी वागवण्यापेक्षा सामान आटोपशीर नेणे सोपे असते.

ऑटोमॅटिक या एकाच नावाखाली वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. त्यातल्या एका प्रकारात गिअरपेटी हाती गिअर टाकण्याचीच असते, फक्त क्लच आणि गिअरचे काम यंत्र करते. ती स्वस्त असते आणि मायलेजही चांगले देते, पण हळू चालणाऱ्या गर्दीत आणि चढावर झटके जाणवतात. टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून शक्ती पुढे देणारी) किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, वेगाचे प्रमाण सलग बदलणारी) गाडी तुलनेने मऊ चालते. चाचणीसाठी मोकळा रस्ता न घेता गर्दीची वेळ आणि एखादा चढ निवडा व आईंना बरोबर बसवा. सुरक्षेच्या चाचणीतले तारे पाहताना चाचणी कोणत्या वर्षीची आणि गाडीच्या कोणत्या आवृत्तीची होती तेही वाचा, कारण निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत.

सांभाळण्यात मी टायरला सर्वांत वर ठेवतो. साधारण ९०० ते १००० किलो वजनाच्या गाडीत पाच जण आणि सामान बसले की तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा भार सहज वाढतो. मोठ्या गाडीला तोच भार तेवढा जाणवत नाही. चालकाच्या बाजूचे दार उघडले की खांबावर एक लहानसा तक्ता चिकटवलेला असतो; काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यात कमी माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. महिन्याच्या प्रवासाआधी दुसरा आकडा वापरा आणि हवा टायर गार असतानाच तपासा. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते, तिचे पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नवी गाडी घेतानाही पाचही टायरवर हा आकडा वाचा. कित्येक लहान गाड्यांत स्टेपनी अरुंद असते आणि ती लावल्यावर ८० किलोमीटरच्या वेगाची मर्यादा पाळावी लागते. काहींत तर स्टेपनीऐवजी फक्त पंक्चर बुजवण्याचे द्रावण मिळते, जे टायरची बाजू फाटली तर उपयोगाचे नाही. हे पैसे भरण्यापूर्वीच विचारा.

छोट्या फेऱ्यांचा त्रास पेट्रोल गाडीलाही थोडाफार होतो. ऑइल पुरेसे तापत नाही, आत ओलावा धरतो आणि बॅटरीही पूर्ण भरत नाही. त्यामुळे ऑइल किलोमीटरवर न ठेवता दरवर्षी बदला आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालवा. ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. ते साधारण दर २ वर्षांनी बदलावे. सर्व्हिसिंगच्या यादीत ते पुष्कळदा सुटते, तेव्हा आपण आठवण करून द्यावी.

प्रश्नकर्ता

उंच बांधणीचीच गाडी नक्की केली आहे. ऑटोमॅटिकची चाचणी शाळा सुटण्याच्या वेळी घेणार आहे. आपले वाचून आज जुन्या गाडीची स्टेपनी बाहेर काढली आणि तिच्यावरचा आकडा पुसून वाचला. गाडी घेतली त्याच वर्षाचा निघाला. इतकी वर्षे आम्ही पाच जण त्याच्या भरवशावर प्रवास करत होतो. नव्या गाडीत पूर्ण आकाराची स्टेपनी बसते का, हे उद्या सर्वांत आधी विचारणार आहे.