पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत प्लॉट घ्यावा का?

प्रश्न: कोल्हापूरजवळ पाहिलेल्या प्लॉटमधील काळ्या मातीला उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात. घर आणि थोडी बाग करायची आहे. व्यवहारापूर्वी काय तपासावे?

उत्तर १: ही माती पावसात फुगते व उन्हात आकसते, त्यामुळे उथळ पाया हलून भिंतींना तडे जातात, म्हणून खड्डा घेऊन कठीण मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे आणि पाया तिथपर्यंत न्यावा.

उत्तर २: त्याआधी पूररेषेचा नकाशा पाहावा. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे; विकणारा ते आपणहून सांगेलच असे नाही.

उत्तर ३: बागेचे म्हणाल तर मातीपरीक्षणात सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा) आणि चुनखडी पाहावी. चुनखडी जास्त असल्यास लोह झाडांना मिळत नाही व लिंबाची कोवळी पाने पिवळी पडतात. निचऱ्यासाठी चर काढावेत.