मदत हवी आहे: जुन्या ॲल्युमिनियम बोटीचा तळ, गळके रिव्हेट आणि रंग

खाडीकाठ:
न्यू जर्सीत बार्नेगाट बे या खाऱ्या पाण्याच्या खाडीत फिरवायला 14 फुटी, रिव्हेटची ॲल्युमिनियम बोट घेतली आहे. 1970च्या दशकातली. तळावरच्या जुन्या रंगाचे पापुद्रे सुटताहेत, खाली पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे आहेत. कीलजवळ (तळाच्या मधल्या कण्याजवळ) आणि मधल्या बाकाखाली पाणी झिरपतं. ट्रान्समचं (इंजिन लागतं त्या मागच्या भिंतीचं) प्लायवूड दाबलं की मऊ लागतं. बोट एरवी ट्रेलरवरच राहील, पण जुलै-ऑगस्ट धक्क्याला बांधून ठेवायची आहे. गळती आतून बंद करू की बाहेरून? आणि तांब्याचा अँटिफाउलिंग (तळावर शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग स्वस्त मिळतोय, तो चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

वल्हं:
तांब्याचा रंग अजिबात नको. खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की झिजतं ते ॲल्युमिनियम. मध्ये प्रायमर असला तरी वाळूवर एक ओरखडा पडला की पुरे, तिथेच खड्डा सुरू होतो. डब्यावर 'क्युप्रस ऑक्साइड' (तांब्याचं संयुग) दिसलं तर डबा परत ठेवा. ॲल्युमिनियमसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेला तांबेविरहित रंगच घ्या.

पण रंग सगळ्यात शेवटी. आधी गळती. बोट ट्रेलरवर नीट टेकवून आत 3 इंच पाणी भरा. हे पाणी अडीचशे-तीनशे किलो होतं, म्हणून तळाला मधूनमधून ठोकळे द्या. खालून बघत जा, जो रिव्हेट थेंब सोडेल त्याभोवती मार्करने गोल करा. सांध्यांवरही लक्ष ठेवा, पाणी एकीकडून शिरून दुसरीकडे टपकतं.

रिव्हेटवाला:
ढिले रिव्हेट आधी पुन्हा ठोकून बघा, बरेचसे तेवढ्यावर घट्ट होतात. एकाने आतून रिव्हेटच्या शेपटीवर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून डोक्यावर दोन-तीन नेमके ठोके द्यायचे. जास्त ठोकलं तर पत्रा ताणला जातो आणि शेजारचे रिव्हेट गळायला लागतात.

जे हलतात ते डोकं ड्रिल करून काढा. शक्यतो भरीव ॲल्युमिनियम रिव्हेट बसवा. आतून हात पोचत नसेल तर बंद टोकाचे, आतली काडीही ॲल्युमिनियमचीच असलेले. साधे पॉप रिव्हेट तळाला नकोत, ते मधोमध पोकळ असतात आणि पोलादी काडी गंजते. प्रत्येक भोकात पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकोन नको, त्यावर पुढे रंग धरत नाही. सांधे आतून साफ करून लवचीक इपॉक्सी ब्रशने भरा.

बाकांखालचा फोम काढून बघा. भिजलेला फोम पत्र्याला चिकटून राहिला की हवा लागत नाही आणि पत्रा आतून खात जातो. तुमची भुकटी बाहेरून दिसतेय, पण खरं नुकसान बहुधा तिथे असेल. नवा बंद-पेशीचा (पाणी न शोषणारा) फोम घालाच, पाणी भरलं तर बोट त्याच्याच जोरावर तरंगते.

खाडीकाठ:
ट्रान्समसाठी प्रेशर-ट्रीटेड प्लायवूड घेतलं तर कुजणार नाही ना?

वल्हं:
लाकूड टिकेल, ट्रान्सम जाईल. त्या प्रक्रियेत बहुतेक तांबंच असतं. साधं मरीन प्लायवूड घ्या, बोल्टची भोकं पाडून झाल्यावर कडा आणि भोकांसकट इपॉक्सीचे तीन हात द्या. स्टेनलेस बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉन वॉशर आणि दोन धातू वेगळे ठेवणारी पेस्ट हवीच. ट्रेलरच्या फळ्याही तपासा, ट्रीटेड लाकडावरचा ओला गालिचा तळाला तसाच खातो.

सागरनिळा:
आता रंग. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, ओलं घासा आणि चांगला मास्क लावा. कॉस्टिकचा रिमूव्हर वापरू नका, तो ॲल्युमिनियमच खातो. पोलादी तारेचा ब्रशही नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून गंज सुरू होतो.

रंग निघाल्यावर आधी सॉल्व्हंटने तेलकटपणा पुसा, मग 80 नंबरचा कागद मारा. उलट केलं तर तेल ओरखड्यांत घासलं जातं. खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरा. पत्रा तिसऱ्या हिश्शाहून खोल खाल्ला असेल तर पुट्टी नको, 5052 (समुद्री कामाचा ॲल्युमिनियम मिश्रधातू) पत्र्याचं ठिगळ सीलंटसह रिव्हेटने लावा.

घासल्यावर काही मिनिटांत ऑक्साइड परत धरायला लागतं, म्हणून एका वेळी जमेल तेवढाच भाग घासा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्या. ॲसिडचा एच प्रायमर (पत्रा किंचित खाऊन पकड घेणारा) आणि त्यावर इपॉक्सी, ही जोडी बऱ्याच कंपन्या मान्य करत नाहीत. एकाच कंपनीची सगळी साखळी घ्या. अँटिफाउलिंगखाली प्रायमरचे चार-पाच हात लागतात, माहितीपत्रकातली जाडी भरली पाहिजे.

दोन महिने पाण्यात राहणार म्हणून ॲल्युमिनियम किंवा झिंकचा ॲनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) उघड्या धातूवर बोल्टने बसवा आणि त्यावर रंग लावू नका. मॅग्नेशियमचा ॲनोड गोड्या पाण्यासाठी असतो, खाऱ्यात तो रंगाचे फुगे आणतो. धक्क्यावर चार्जर लावून ठेवणार असाल तर वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (धातू झिजवणारा प्रवाह अडवणारं उपकरण) लागेल.

खाडीकाठ:
धक्क्याला बांधायचं रद्द केलं तर?

सागरनिळा:
मग अँटिफाउलिंगचा खर्च वाचला. दर वेळी पाण्याबाहेर येणाऱ्या बोटीला प्रायमर आणि साधा टॉपकोट पुरतो, उघडा ॲल्युमिनियम तळही चालतो. फक्त प्रत्येक फेरीनंतर आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, आणि बिल्जमध्ये (बोटीच्या आत तळाशी पाणी साचतं तिथे) वायरीचा तुकडा किंवा गळाचं शिसं पडलेलं राहू देऊ नका.