मदत हवी आहे: व्हिडिओत आवाज पुढे, चित्र मागे

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, एडिटिंगमध्ये एकदम नवखा. निफाडला मामांच्या द्राक्षबागेत गोडी छाटणीचा (फळासाठी करतात ती छाटणी) 22 मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर काढला, एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकला तर सुरुवातीला सगळं बरोबर पण शेवटाकडे कात्रीचा कट्ट आवाज आधी येतो अन् काडी नंतर पडते, मामा हसून हसून बेजार. मोबाईल व्हेरिएबल फ्रेम रेटने (सेकंदाला कधी कमी, कधी जास्त फ्रेम घेत) रेकॉर्ड करतो म्हणून असं होतं म्हणे, मग आधी हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट 30 (सेकंदाला कायम 30 फ्रेम) करून घ्यायचं का? क्वालिटी किती जाते? आणि लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तर डाविंची रिझॉल्व्ह हे जड एडिटिंग सॉफ्टवेअर प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) बनवून तरी झेपेल की गपगुमान त्यापेक्षा हलकं शॉटकटच शिकू? क्लास सुचवू नका प्लीज, एकदा पैसे घालवून झालेत.