मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या मानसोपचार वॉर्डात काम करणारं कुणी आहे का इथे?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये मानसोपचार वॉर्डात नर्स आहे. इथे १९८३ च्या मेंटल हेल्थ अ‍ॅक्टखाली सक्तीने दाखल होण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त आहे. म्हणून २०२३ मध्ये एनएचएसने (इथल्या सरकारी आरोग्यसेवेने) 'पेशंट अँड केअरर रेस इक्वॅलिटी फ्रेमवर्क' आणलं, म्हणजे मानसोपचार सेवांमधला वंशभेद कमी करण्यासाठीची चौकट. त्यात रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना निर्णयांत सामील करून घ्यायचंय. आमच्याकडे बैठका होतात, चहा-बिस्किटं होतात, पण येतात तेच ते चार जण! ज्यांना पोलिसांनी धरून आणलं, ते परत आमच्याकडे कशाला येतील?

तुमच्याकडे कुणी कृष्णवर्णीय लोक जमतात त्या चर्चमध्ये, केशकर्तनालयांत जाऊन त्यांच्याशी बोललंय का? येणाऱ्यांना मानधन देता? रुग्णाला जबरदस्तीने धरून ठेवल्याच्या नोंदी वंशवार मांडून त्यांना दाखवता का? बुधवारी मॅनेजरबाईंपुढे मांडायचंय, त्याआधी कळलं तर बरं.