पार्श्वसंगीताचे बॉक्स सेट : पैसे नेमके कशाचे पडतात?

खर्जातला_सा

हॉलिवूडच्या पार्श्वसंगीताच्या साध्या, एका सीडीच्या आवृत्त्या बऱ्यापैकी जमल्या आहेत. आता पूर्ण आवृत्त्यांकडे वळायचंय. यादीत तीन पेट्या आहेत : हॉवर्ड शोरचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज, जॉन विल्यम्सच्या पहिल्या तीन हॅरी पॉटरचा ला-ला लँड या कंपनीचा संच, आणि संगीतकार डॅनी एल्फमन–दिग्दर्शक टिम बर्टन यांच्या चित्रपटांची ती प्रसिद्ध मोठी पेटी. वर्षाचं बजेट पंचवीस हजार रुपये, पार्सल पुण्याला येणार. ऐकण्यासाठी साधा सीडी प्लेयर आणि लॅपटॉप, सराउंड नाही.

अशा पेटीची किंमत रास्त की फुगवलेली, हे ठरवायचं कसं? आणि शंभर डॉलरची पेटी दारात पोचेपर्यंत खरी कितीला पडते?

तिसरी_घंटा

पेटीत किती सीडी आहेत हे मोजू नका. तुमच्याकडे नसलेली किती मिनिटं त्यात आहेत ते मोजा, आणि किमतीला त्या मिनिटांनी भागा. ‘फेलोशिप’च्या (‘रिंग्ज’चा पहिला भाग) २००१च्या सीडीवर साधारण सत्तर मिनिटं संगीत आहे, कम्प्लीट रेकॉर्डिंग्जवर तीन तास. म्हणजे जवळपास ११० मिनिटं नवी. ‘रिटर्न ऑफ द किंग’ तर चार सीडी, पावणेचार तासांच्या वर. हे संगीत विस्तारित आवृत्तीच्या चित्रपटाला धरून लावलंय, त्यामुळे एखादी थीम पहिल्यांदा कुठे उगवते आणि पुढे तिचं काय होतं हे सलग ऐकता येतं. इथे पैसे संगीताचेच पडतात.

मात्र आवृत्ती बघून घ्या. २००५ ते २००७ मध्ये निघालेल्या पेट्यांत सीडींसोबत सराउंड ऐकण्यासाठीची डीव्हीडी-ऑडिओ तबकडी होती, २०१८च्या पुनर्मुद्रणात तिच्या जागी ब्लू-रे आली. तुमच्याकडे सराउंड नाही, म्हणजे ती तबकडी तुमच्यासाठी शोभेची. सीडींवरचं संगीत दोन्हींत तेच. जुनी पेटी ‘दुर्मीळ’ म्हणून कोणी चढ्या भावाने विकत असेल तर सरळ नवी घ्या. पूर्ण संच स्ट्रीमिंगवरही आहे. आधी तीन तास सलग ऐकून बघा. काहींना दीड तासातच मूळ सीडीची आठवण येते, आणि त्यात गैर काही नाही.

एल्फमन–बर्टन पेटीचं गणित वेगळं. १६ सीडी, डीव्हीडी, किल्लीच्या आकाराचा यूएसबी, जाडजूड पुस्तक, झाकणाखाली फिरत्या चित्रांचा झोट्रोप. प्रती १०००, निघाली तेव्हा किंमत ५०० डॉलरच्या घरात. म्हणजे सीडीमागे ३१ डॉलर. आता २०१२ची ला-ला लँडची ‘स्टार ट्रेक’ मूळ मालिकेची पेटी घ्या : १५ सीडी, ६००० प्रती, २२५ डॉलर. सीडीमागे १५. पहिल्या पेटीत निम्मे पैसे सजावट, छपाई आणि हौसेचे आहेत. हौसेला मोल नाही हे मान्य, पण मग ते संगीताच्या खात्यात मांडू नका. शिवाय ‘बॅटमॅन’ आणि ‘बॅटमॅन रिटर्न्स’ यांच्या दोन-दोन सीडींच्या आवृत्त्या ला-ला लँडने २०१०मध्येच स्वतंत्र काढल्या होत्या. एवढेच दोन हवे असतील तर पेटीच्या वाटेला जाऊ नका.

पॉटरचा संच : ७ सीडी, ५००० प्रती, २०१८, तेव्हाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास. तिघांत पहिला नंबर याचा. तिसऱ्या चित्रपटाचं संगीत पहिल्या दोघांहून इतकं निराळं आहे की एका सीडीत ते मावतच नाही.

जकातनाका

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

सीमाशुल्क फक्त मालाच्या किमतीवर लागत नाही. किंमत + टपालखर्च + विमा यांच्या बेरजेवर लागतं, आणि त्या सगळ्यावर पुन्हा आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून मागवण्याआधी कस्टम्सच्या साइटवर चालू दर बघा. खाली नुसती रीत दाखवायला २० टक्के शुल्क आणि १८ टक्के आयजीएसटी धरतो.

पेटी १०० डॉलर, टपाल ४०. बेरीज १४०. शुल्क २८, झाले १६८. त्यावर आयजीएसटी ३०.२४, म्हणजे १९८.२४. कार्डाचा परकीय चलन मार्कअप (चलन बदलण्यासाठी बँक घेते तो आकार) ३.५ टक्के असेल तर १४० वर ४.९०, आणि त्या मार्कअपवरही १८ टक्के जीएसटी. एकूण २०४ डॉलर. वर खासगी कुरियरचं हाताळणी शुल्क वेगळं; ते प्रत्येक पार्सलमागे ठरावीक असतं, पेटी स्वस्त असो की महाग. शंभराची पेटी दोनशेला पडते ती अशी.

हे कमी करायचे मार्ग :

टपालखर्च वजनाच्या टप्प्यांवर असतो. प्लास्टिक डबीसकट एक सीडी साधारण शंभर ग्रॅम धरा. पॅकिंगसह पार्सल कुठल्या टप्प्यात जातं ते कार्टमध्ये तपासा. टप्पा भरायला दोन-तीन सीडींची जागा उरत असेल तर यादीतल्या सुट्या सीडी त्याच पार्सलमध्ये घाला. टपाल तेवढंच, हाताळणी शुल्कही एकदाच. सुट्या सीडी असतील तर काही दुकानदार डब्या काढून फक्त तबकडी आणि पुस्तिका पाठवतात, विनंती करावी लागते. डबी इथे मिळते.

माद्रिदचं क्वार्टेट किंवा पॅरिसचं म्युझिक बॉक्स या सीडी काढणाऱ्या कंपन्यांकडून घेताना भारताचा पत्ता टाकल्यावर व्हॅट वजा होतो का ते बघा. स्पेनमध्ये २१ टक्के, फ्रान्समध्ये २०. वजा झाला नाही तर पैसे भरण्याआधी ईमेल करा, नंतर परत मिळवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

पेमेंटच्या वेळी ‘रुपयांत भरा’ असा पर्याय आला तर नाकारा, विक्रेत्याच्या चलनातच भरा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत ना तेही बघा. केवायसी मागितली की लगेच द्या, नाहीतर पार्सल गोदामात पडून राहतं.

विक्रेत्याला ‘गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा’ असं सांगू नका. भेटवस्तूंची जुनी सूट डिसेंबर २०१९मध्ये गेली. आणि पार्सल हरवलं तर भरपाई दाखवलेल्या किमतीचीच मिळते.

खर्जातला_सा

दोघांचेही आभार. एल्फमन बाद. पण प्रत्येक ठिकाणी ‘फक्त ३००० प्रती’ लिहिलेलं असतं, आत्ता नाही घेतलं तर कायमचं गेलं असं वाटतं. हे खरं किती? आणि जुन्या बाजारातून घेताना नकली कशी ओळखायची?

तिसरी_घंटा

आकडा खोटा नसतो. स्टुडिओ ठरावीक प्रतींपुरताच परवाना देतो. शिवाय लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रण झालेलं संगीत अल्बम म्हणून काढताना वादकांच्या संघटनेच्या करारानुसार वाजवणाऱ्यांना पुन्हा मोबदला द्यावा लागतो. ८०-९० जणांचा वाद्यवृंद असेल तर तीन हजार प्रतींच्या विक्रीतून हे सगळं निघायला हवं.

पण ‘ही आवृत्ती संपली’ म्हणजे ‘हे संगीत संपलं’ नव्हे. ‘सुपरमॅन’ बघा. १९७८मध्ये दोन एलपी. २०००मध्ये ऱ्हायनो कंपनीच्या दोन सीडी. २००८मध्ये फिल्म स्कोअर मंथली या कंपनीची ८ सीडींची पेटी, ३००० प्रती, पुढचे भाग आणि कार्टून मालिकेसकट. आणि २०१९मध्ये ला-ला लँडने पहिल्या चित्रपटाचं संगीत तीन सीडींत नव्याने काढलं. फक्त पहिला चित्रपट हवा असलेल्याला आता त्या ८ सीडींमागे धावायचं कारण उरलं नाही. मोठ्या स्टुडिओचं लोकप्रिय संगीत असेल तर थांबायला हरकत नाही. घाई करायची ती आडबाजूच्या चित्रपटांसाठी. त्यांना दुसरी संधी क्वचित मिळते.

जुन्या बाजाराचा भाव डिस्कॉग्जवर (रेकॉर्ड-सीडींच्या नोंदी आणि खरेदी-विक्रीची साइट) बघताना मागितलेली किंमत वाचू नका, झालेल्या विक्रीची मधली किंमत वाचा. दोन्हींत कधी दुपटीचा फरक असतो.

चकतीबहाद्दर

नकलीबद्दल. विक्रेत्याकडे तबकडीच्या खालच्या बाजूचा, मधल्या कड्याजवळचा स्पष्ट फोटो मागा. कारखान्यात दाबलेली सीडी चंदेरी असते. हिरवट, निळसर किंवा जांभळट झाक दिसली तर घरी बर्न केलेली. १९९४नंतरच्या सीडीवर कड्याजवळ बहुधा ‘आयएफपीआय’ (ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेचं नाव) आणि पुढे चार अक्षरांचा कोड असतो, त्यापूर्वीच्या सीडीवर तो नसणं साहजिक. कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (त्या छापाचा ओळख-क्रमांक) डिस्कॉग्जच्या नोंदीशी ताडून बघा.

१९८८ ते १९९३च्या ब्रिटिश सीडी घेत असाल तर ‘पीडीओ’ हा शिक्का शोधा. ब्लॅकबर्नच्या त्या कारखान्याच्या अनेक तबकड्या कडेकडून तांबूस पडत जातात, कारण वरचं लॅकर (संरक्षक लेप) पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकापुढे टिकलं नाही. तांबूस झाली म्हणून लगेच वाजायची थांबत नाही, पण भाव पाडून घ्या आणि आल्याआल्या कॉपी करा.

जाड दुहेरी डब्यांत नव्वदच्या दशकात फोमचा तुकडा घालायचे. तो वर्षांनी विरघळून छापील बाजूला चिकटतो, आणि सीडीचा नाजूक थर त्याच बाजूला असतो. फोम दिसला की काढून टाका. चिकटला असेल तर खरवडू नका.

नवी पेटी आली की परतीची मुदत संपायच्या आत सगळ्या सीडी लॅपटॉपवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारी फाइल) उतरवा. अॅक्युरेटरिपशी (इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीच्या नोंदी) जुळलं म्हणजे तबकडी ठीक. नुसतं वाजवून बघितलं तर बाराव्या सीडीच्या शेवटच्या ट्रॅकवरचा दोष सहा महिन्यांनी कळतो. एका सीडीला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतात. ऐकताना गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडू देणारी सोय) चालू ठेवा. या आवृत्त्यांत एक तुकडा दुसऱ्यात सरळ जोडलेला असतो आणि मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता पडली की मजाच जाते.

पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका. आर्ट पेपरच्या पुस्तिकेची पानं एकमेकांना चिकटतात, ती वेगळी करताना छपाई निघून येते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की बदला.

मंद्रसप्तक

वर सगळं आलंय, एकच जोडतो. पूर्ण आवृत्ती आली म्हणून जुनी सीडी विकू नका, आधी दोन्ही शेजारी ठेवून ऐका. ‘जॉज’चा १९७५चा अल्बम हा चित्रपटातला आवाज नाहीच, अल्बमसाठी वेगळं वाजवून घेतलंय. इंट्राडा कंपनीच्या २०१५च्या संचात एका सीडीवर चित्रपटातलं आणि दुसऱ्यावर अल्बमचं, असं दोन्ही दिलंय, तिथे प्रश्न नाही. पण प्रत्येक संच असा नसतो. मागच्या कव्हरवर ‘मूळ अल्बम’ असा वेगळा विभाग आहे का ते वाचा. नसेल, तर तुमच्या कपाटातली ती एक सीडी राहू द्या.

खर्जातला_सा

ठरलं. यंदा पॉटर, आणि त्याच पार्सलात टप्पा भरेल तेवढ्या सुट्या सीडी. @जकातनाका, डब्यांशिवाय पाठवल्या तर त्या शुल्काच्या नजरेत अपूर्ण माल ठरतात का?

जकातनाका

नाही, बीजकावर सीडी म्हणून नग आणि किंमत बरोबर असली की झालं. फक्त तबकड्या एकावर एक नुसत्या येऊ देऊ नका, प्रत्येकीला कागदी पाकीट मागा.